उजेड देणारा डेंग्यू

डेंग्यूच्या विषाणूला थेट रोखणारे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे असे एकही औषध आजमितीस उपलब्ध नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, शरीरातील पाणी टिकावे म्हणून सलाइन आणि रोजची प्लेटलेट्सची मोजणी, एवढ्यावरच आपल्याकडचे उपचार थांबतात. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या एका प्रयोगशाळेत विषाणूविरोधी औषधांची प्राथमिक चाळणी करणे हे माझे काम असल्यामुळे, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचे ट्रे तपासत फिरत असतात तेव्हा, आमच्या ऐरोलीच्या इमारतीत मला हटकून विचारले जाते की इतकी वर्षे तुम्ही लोक नेमके करता तरी काय. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

औषध शोधायचे तर आधी विषाणू किती वाढला हे मोजता आले पाहिजे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. रेनातो डुलबेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या विषाणूंसाठी विकसित केलेली प्लाक पद्धत आजही प्रमाण मानली जाते. प्लेटच्या तळाशी पेशींचा एकसंध थर वाढवायचा, त्यावर विषाणूचे पातळ केलेले द्रावण सोडायचे, आणि विषाणूला दूरवर पसरता येऊ नये म्हणून वरून अगार किंवा मिथाइल सेल्युलोजचा घट्टसर थर द्यायचा. डेंग्यूच्या बाबतीत यानंतर पाच ते सात दिवस थांबावे लागते. मग क्रिस्टल व्हायोलेटने पेशी रंगवल्या की जिवंत पेशी जांभळ्या दिसतात आणि विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे पांढरे ठिपके उरतात. एक ठिपका म्हणजे मुळात एक संसर्गक्षम विषाणू, असे गृहीत धरून ठिपके मोजायचे. डेंग्यूचे ठिपके बारीक असतात, त्यांच्या कडा धूसर असतात, आणि दोन ठिपके एकमेकांना चिकटले की ते एक धरायचे की दोन यावर दोन शहाण्या माणसांत हमखास मतभेद होतात. आमच्याकडे म्हणूनच दोघे जण स्वतंत्रपणे मोजतात आणि आकडे फारच वेगळे आले तर तिसऱ्याला बोलावले जाते. (हातमोजा फाटला तर बोट चार दिवस जांभळे राहते, आणि ट्रान्स-हार्बरच्या डब्यात कोणीतरी आज कुठे मतदान होते असे विचारते.)

पद्धत उत्तम आहे, यात शंका नाही. पण एका रसायनाच्या आठ मात्रा, प्रत्येक मात्रा तीन वेळा, असा हिशेब केला तरी एका रसायनामागे चोवीस वेल (प्लेटमधले छोटे खळगे) मोजावी लागतात. औषध कंपन्यांच्या संग्रहात अशी रसायने हजारोंनी, काही ठिकाणी लाखांनी असतात. ठिपके मोजत बसून हा डोंगर उपसणे शक्यच नाही.

यावर निघालेला मार्ग असा, की विषाणूलाच स्वतःच्या वाढीची वर्दी देण्याच्या कामाला लावायचे. त्याच्या जनुकीय साखळीत सहज मोजता येईल अशा एखाद्या प्रथिनाचे जनुक बसवायचे, म्हणजे विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढू लागला की त्याच्या स्वतःच्या प्रथिनांबरोबर हे पाहुणे प्रथिनही तयार होते. अशा विषाणूंना रिपोर्टर विषाणू म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या पेशीत संसर्ग झाला हे पाहायचे असेल तर हिरवे चमकणारे जीएफपी नावाचे प्रथिन वापरतात. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केले आणि २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आकडे हवे असतील तर मात्र ल्युसिफरेज ही विकरे अधिक सोयीची ठरतात, कारण त्यांना त्यांचे रसायन पुरवले की ती स्वतःच प्रकाश निर्माण करतात, बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, आणि आपल्या पेशी स्वतःहून उजेड देत नसल्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ पूर्ण काळोखी राहते. मंद प्रकाशसुद्धा त्या काळोखात नेमका मोजता येतो.

सर्वांत परिचित ल्युसिफरेज काजव्याचे. भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर आपण जे काजवे पाहायला जातो त्यांच्यातही हेच रसायन चालते, मात्र प्रयोगशाळेतले जनुक फोटिनस पायरॅलिस या अमेरिकी काजव्याचे असते. ते ५५० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लामागे तीन या हिशेबाने त्याच्या जनुकाला सुमारे १,६५० अक्षरे लागतात. डेंग्यूची संपूर्ण जनुकीय साखळी जेमतेम १०,७०० अक्षरांची. तिच्यात एवढी भर घालणे फार होते. म्हणून बराच काळ रेनिला या समुद्री जीवाचे त्याहून लहान ल्युसिफरेज वापरले गेले. पुढे २०१२ मध्ये नॅनोल्यूक आले. खोल समुद्रातल्या एका कोळंबीच्या प्रथिनात फेरफार करून बनवलेले हे विकर अवघ्या १७१ अमिनो आम्लांचे आहे, त्याला ५१३ अक्षरे पुरतात, आणि त्याचा उजेड काजव्याच्या विकरापेक्षा कितीतरी प्रखर असतो. आमच्या क्षेत्रात आकाराची ही काटकसर उजेडाइतकीच मोलाची ठरते.

हे जनुक बसवायचे कुठे, हा खरा अभियांत्रिकीचा भाग आहे आणि मला स्वतःला तोच सर्वांत रंजक वाटतो. डेंग्यूचा विषाणू आपली दहाही प्रथिने वेगवेगळी तयार करत नाही. तो एकच लांबलचक प्रथिन बनवतो आणि नंतर ठरावीक ठिकाणी त्याचे तुकडे पाडले जातात. मधेच कुठे परके जनुक घुसवले की तुकडे चुकीचे पडतात आणि विषाणू निकामी होतो. साखळीच्या अगदी सुरुवातीला, कॅप्सिड या पहिल्या प्रथिनाच्या आधी, जागा आहे असे वाटते; पण कॅप्सिडच्या जनुकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवर दुहेरी जबाबदारी असते. ती प्रथिनाचा मजकूर असतातच, शिवाय साखळीच्या दुसऱ्या टोकाशी जुळून साखळीला वर्तुळाकार वळण देतात, आणि या वळणाशिवाय विषाणूला आपली प्रत काढता येत नाही. त्यामुळे कॅप्सिडचा सुरुवातीचा तुकडा आधी जसाच्या तसा ठेवतात, त्याला जोडून ल्युसिफरेज लिहितात, आणि त्यानंतर पूर्ण कॅप्सिड पुन्हा पहिल्यापासून लिहितात. या दोन प्रती सारख्याच राहिल्या तर त्यांची एकमेकींशी गफलत होऊन मधला भाग गळून पडण्याची भीती असते, म्हणून दुसऱ्या प्रतीतली अक्षरे बदलतात, अर्थात त्यातून तयार होणारे प्रथिन तेच राहील अशा बेताने. आणि ल्युसिफरेज कॅप्सिडला चिकटून राहू नये यासाठी त्या दोहोंमध्ये २ए नावाचा एक छोटा तुकडा घालतात, ज्याच्यापाशी रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बांधणारे यंत्र, प्रथिनाची साखळी तोडून पुढे सरकतो. यासाठी नेहमी वापरला जाणारा एक २ए जनावरांच्या लाळ-खुरकूत रोगाच्या विषाणूकडून घेतलेला आहे. गोठ्यातल्या विषाणूचा तुकडा, कोळंबीचा उजेड आणि डासांतून पसरणाऱ्या तापाचा विषाणू अशी ही जुळणी असते, आणि ती चालते याचे मला अजूनही नवल वाटते.

आरएनए विषाणूचा डीएनए आराखडा जिवाणूत वाढवून त्यातून जिवंत विषाणू उभा करता येतो हे पोलिओच्या बाबतीत व्हिन्सेंट राकानियेलो आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८१ मध्ये दाखवले. आपली सगळी जुळणी त्याच पायावर उभी आहे. डेंग्यूच्या कुळातले आराखडे मात्र जिवाणूंना सोसत नाहीत. ई. कोलायमध्ये वाढवताना त्यांच्यात आपोआप बदल शिरतात, आणि रात्रभर वाढवलेल्या वसाहती सकाळी तपासल्या तर हव्या त्या आराखड्याऐवजी काहीतरी कापलेले, जोडलेले हाती येते. मग प्रती कमी ठेवणारा प्लाझमिड (जिवाणूत आराखडा वाहून नेणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) वापरणे, तापमान कमी ठेवणे, किंवा जिवाणूंना वगळून पीसीआरने तुकडे वाढवून ते थेट पेशीत जोडू देणे, असे उपाय करावे लागतात.

एवढे करून विषाणू उजेड देऊ लागला तरी तो देतच राहील याची हमी नसते. नव्या जनुकाचा विषाणूला काडीचाही उपयोग नसतो. गर्दीच्या वेळी ठाण्याला मोठे बोचके घेऊन लोकल पकडणाऱ्यासारखी त्याची गत होते आणि ज्याने बोचके टाकले तो पुढे जातो. प्रत्येक प्रतीत काही चुका होत असतातच, त्यात कधीतरी ल्युसिफरेजचा काही भाग गळालेला विषाणू तयार होतो, तो इतरांपेक्षा भराभर वाढतो आणि काही पिढ्यांत त्याचेच राज्य होते. म्हणून प्रत्येक पिढीनंतर त्या भागाचा पीसीआर करून, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पाहावे लागते. जनुक शाबूत असेल तर एकच जाड पट्टी अपेक्षित उंचीवर दिसते. एके दिवशी तिच्या बरीच खाली एक फिकट, जवळजवळ संशयास्पद अशी दुसरी पट्टी दिसू लागते आणि त्यापुढच्या पिढीत तीच ठळक झालेली असते. असा साठा टाकून द्यायचा आणि फ्रीझरमधल्या सुरुवातीच्या पिढीकडे परतायचे, एवढाच मार्ग असतो. म्हणून चाळणीसाठी लागणारा सगळा साठा पहिल्या एक-दोन पिढ्यांतच तयार करून, छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवणे हा शहाणपणा आहे.

इतर विषाणूंची तऱ्हा वेगळी. सार्स-कोव्ह-२ ची साखळी जवळजवळ ३०,००० अक्षरांची. तिचा आराखडा २०२० मध्ये सात तुकड्यांत बांधून जोडला गेला आणि ओआरएफ७ए हे विषाणूला प्रयोगशाळेत फारसे न लागणारे जनुक काढून त्या जागी नॅनोल्यूक बसवण्यात आले. तिथे जागेची चणचण नव्हती, पण जिवंत विषाणूसाठी तिसऱ्या जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा आवश्यक होती, जी मोजक्याच ठिकाणी असते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तर पूर्ण विषाणू पेशीत वाढेना, म्हणून १९९९ मध्ये केवळ स्वतःची प्रत काढणारा अर्धा विषाणू, म्हणजे रेप्लिकॉन, तयार करण्यात आला. डॅक्लाटास्विर हे औषध रेप्लिकॉनवर चाळणी करूनच सापडले. तो आजार आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, हे मी जिन्यातल्या प्रश्नकर्त्यांना आवर्जून सांगते.

आता प्रत्यक्ष चाळणी. ३८४ वेलांच्या प्लेटमध्ये पेशी, रसायन आणि विषाणू असे क्रमाने भरले जाते. दोन रांगांत फक्त विषाणू असतो, म्हणजे पूर्ण उजेड. दोन रांगांत विषाणूला रोखते हे आधीपासून माहीत आहे असे रसायन, म्हणजे पूर्ण काळोख. डेंग्यूसाठी अनेक ठिकाणी एनआयटीडी००८ वापरतात, जे विषाणूला उत्तम रोखते पण प्राण्यांवरील पुढच्या चाचण्यांत विषारी ठरल्याने औषध होऊ शकले नाही. दोन दिवसांनी ल्युसिफरेजचे रसायन टाकून प्लेट यंत्रात ठेवली की काही मिनिटांत ३८४ आकडे पडद्यावर येतात. पूर्ण उजेड आणि पूर्ण काळोख यांच्या सरासरींमधले अंतर त्यांच्या चढउतारांच्या तुलनेत पुरेसे आहे का, हे झेड-प्राइम या मापाने ठरवतात, ते ०.५ च्या वर असेल तर प्लेट विश्वासार्ह, एरवी ती बाद करायची. बाद होण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. कडेच्या वेलांतले पाणी इन्क्युबेटरमध्ये थोडे उडून जाते आणि तिथल्या पेशी वेगळ्या वागतात; एखादी पिपेटची टोके नीट बसलेली नसतात; देखभालीसाठी वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत तापमान उतरले, तर त्याची खूणही आकड्यांत दिसते.

येथपर्यंतचे काम यंत्राचे आहे. माणसाचे काम आकडे आल्यावर सुरू होते, आणि माझ्या मते चाळणीचा खरा दर्जा तिथेच ठरतो. आमच्या इमारतीतील एक आजोबा दरवर्षी पपईच्या पानांच्या रसाचा आग्रह धरतात. "तुमच्या त्या मशिनमध्ये घालून बघ की एकदा, म्हणजे कळेल तुम्हा लोकांना," असे त्यांनी म्हटल्यावर मी तसा अर्क खरोखरच एका चाचणी प्लेटमध्ये घातला होता. उजेड झपाट्याने कमी झाला. आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी सोसायटीत पेढे वाटले असते; पण तो अर्क गडद हिरवट तपकिरी होता आणि त्याने प्रकाशच गिळला होता. विषाणू नसलेल्या, नुसते शुद्ध नॅनोल्यूक घातलेल्या वेलातही त्याच प्रमाणात उजेड घटला. विषाणूच्या वाढीबद्दल त्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नव्हते, ना बाजूने ना विरुद्ध. हळदीतले कुर्क्युमिन हे याच जातीचे दुसरे नाव. ते स्वतः चमकते, अनेक प्रथिनांना कमीअधिक चिकटते, त्याचे कण एकत्र गोळा होतात, आणि त्यामुळे ते नाना प्रकारच्या चाळण्यांत यशस्वी ठरलेले दिसते. औषधरसायनशास्त्रज्ञ अशा पदार्थांकडे संशयाने पाहतात ते भारतीय स्वयंपाकघराशी त्यांचे वैर आहे म्हणून नाही.

उजेड कमी होण्याची आणखीही कारणे असतात. रसायनाने पेशीच मारली तर विषाणूही वाढत नाही, म्हणून पेशी किती जगल्या याची चाचणी शेजारच्याच प्लेटमध्ये करावी लागते आणि विषाणूला निम्म्यावर आणणारी मात्रा व निम्म्या पेशी मारणारी मात्रा यांच्यातले अंतर पाहावे लागते. त्यातही एक गंमत आहे: पेशींच्या जिवंतपणाची सर्वांत प्रचलित चाचणी पेशीतले एटीपी, म्हणजे तिचे ऊर्जेचे रसायन, काजव्याच्या ल्युसिफरेजने मोजते. म्हणजे जे रसायन त्या विकरालाच अडवते ते निरुपद्रवी असूनही विषारी भासते. काही रसायने पेशीचे प्रथिननिर्मितीचे कामच मंदावतात. उजेड जातो, विषाणूही थांबतो, पण माणूसही थांबेल. या सगळ्या गाळण्या लावल्यावर सुरुवातीच्या यादीतला फार थोडा भाग उरतो, आणि उरलेल्यांनाही मूळ, फेरफार न केलेल्या विषाणूवर तपासून पाहावेच लागते.

यात मला सर्वांत पटणारा पुरावा विषाणूच देतो. रसायनाच्या अपुऱ्या मात्रेत त्याला आठवडेच्या आठवडे वाढवले की काही वेळा त्या रसायनाला न जुमानणारा वाण तयार होतो. त्याचे जनुक वाचले आणि बदल एका विशिष्ट प्रथिनात सापडला, तर रसायन विषाणूवरच, त्याच जागी काम करत होते याची जवळजवळ खात्री पटते. बेल्जियममधील लुव्हेन येथील गटाने २०२१ मध्ये जाहीर केलेले जेएनजे-ए०७ असेच पेशींवरच्या चाळणीतून पुढे आले होते. प्रतिकारक वाणांतले बदल एनएस४बी या प्रथिनात सापडले, आणि हे रसायन विषाणूच्याच एनएस३ व एनएस४बी या दोन प्रथिनांची गाठ पडू देत नाही हे त्यातून उलगडले. चारही प्रकारच्या डेंग्यूवर ते चालले. त्याच्याच भावंडावरील, म्हणजे त्याच्यासारख्याच दुसऱ्या रसायनावरील, मानवी चाचणी २०२४ मध्ये ते विकसित करणाऱ्या कंपनीने आपले अग्रक्रम बदलून थांबवली, याचे मात्र वाईट वाटते.

पेशी कोणत्या, हाही प्रश्न दुर्लक्षिण्यासारखा नाही. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा जो गाजावाजा झाला त्याच्या मुळाशी माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो पेशींवरचे प्रयोग होते. मानवी फुप्फुसाच्या पेशींत करोनाचा विषाणू वेगळ्या दाराने शिरतो आणि तिथे ते औषध निष्प्रभ ठरले. डेंग्यूसाठी आम्ही चाळणी मानवी यकृताच्या ह्यु-७ पेशींवर करतो आणि विषाणूचा साठा सी६/३६ या डासाच्या पेशींत वाढवतो. या पेशींचे मूळ पुण्याचे आहे. आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून त्यांच्या मूळ पेशी पहिल्यांदा वाढवल्या. जगभरच्या डेंग्यू प्रयोगशाळांतील इन्क्युबेटरमध्ये आज त्यांचेच वंशज आहेत आणि आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

विषाणूत फेरफार म्हटले की शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ती काळजी मी हसण्यावारी नेत नाही. १९८९ च्या नियमांनुसार असे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे आणि आवश्यक तेथे जनुकीय फेरफारांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या केंद्राच्या आरसीजीएम या समितीपुढे ठेवावे लागते. रिपोर्टर विषाणू बहुधा मूळ विषाणूपेक्षा मंद वाढतो; तरीही जैवसुरक्षा कपाटाबाहेर तो उघडायचा नाही, हा नियम त्यालाही लागू असतो.

एक अडचण मात्र उजेडाने सुटत नाही. प्लेटमध्ये आपण रसायन विषाणूच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच घालतो. ताप आल्यावर दोन दिवस वाट पाहून, एनएस१ ची (रक्तातले डेंग्यूचे प्रथिन शोधणारी) चाचणी करून दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णाच्या रक्तात तोवर विषाणू शिखरावर असतो किंवा उतरणीलाही लागलेला असतो. सिंगापूरमध्ये सेल्गोसिव्हिर हे प्रयोगशाळेत आशादायक ठरलेले औषध डेंग्यूच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातला विषाणू किंवा ताप त्याने म्हणावा तसा कमी झाला नाही. म्हणून आम्ही आता निवडक रसायनांची दुसरी फेरी उलट क्रमाने घेतो: आधी संसर्ग होऊ द्यायचा, बारा तासांनी काहींना, चोवीस तासांनी काहींना रसायन द्यायचे आणि उजेड कोणाचा उतरतो ते पाहायचे. पहिल्या फेरीत उत्तम गुण मिळवलेली बरीचशी नावे इथे गळतात. जी टिकतात तीच उंदरांवरच्या प्रयोगासाठी पुढे पाठवली जातात, आणि त्यांची यादी गेल्या काही हंगामांत एका कागदाच्या वर गेलेली नाही.